तोलणारं की भरणारं? चिवड्याच्या मशीनची कस्टम्सवारी

"ड्यूटी किती लागेल?" असं मी आमच्या सीएचएला, म्हणजे कस्टम्सचं काम बघणाऱ्या एजंटला, फोनवर विचारलं, तेव्हा त्यांनी दर सांगितलाच नाही. म्हणाले, "मॅडम, मशीन करती क्या है, वो एक लाइन में लिखके भेजिए. रेट बाद में." मला वाटलं, माणूस टाळतोय. पण आयातशुल्कातलं बहुतेक भांडण त्या एका ओळीचंच असतं, हे पुढे चांगलंच कळलं.

इंदूरच्या पालद्याला आमचं चिवडा-शेव-चकलीचं छोटं युनिट आहे. सासूबाईंनी रामबागेतल्या घरातून ऑर्डरी घेत सुरू केलेलं काम. आता भट्टी आणि कच्चा माल भाऊजी बघतात, हिशेब आणि कागदपत्रं माझ्याकडे. इंदुरात नमकीन विकणं म्हणजे काय, ते इंदूरकराला सांगायला नको. चव असतेच सगळ्यांकडे, दुकानदार आधी पाउच बघतो. हाताने तोलून, डावाने भरून, पायाच्या सीलरवर बंद करून दिवाळीचा माल वेळेवर निघेना, तेव्हा चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातल्या एका कारखान्याकडून पूर्ण पॅकिंग लाइन घ्यायचं ठरलं.

लाइन म्हणजे खालून माल वर चढवणारा झेड आकाराचा बकेट एलिव्हेटर, वर दहा डोक्यांचा मल्टीहेड वेयर, म्हणजे तोलणारं यंत्र, त्याला पेलणारा स्टीलचा प्लॅटफॉर्म, खाली फिल्मच्या रोलपासून पाउच बनवून, भरून, सील करणारं उभं मशीन, आणि तयार पाउच बाहेर आणणारा छोटा कन्व्हेयर. यातला मल्टीहेड वेयर बघत बसावा असा असतो. दहा बादल्यांत थोडा थोडा माल पडतो, प्रत्येकीचं वजन वेगळं येतं, आणि कंट्रोलर डोळ्याचं पातं लवायच्या आत ठरवतो की कुठल्या तीन-चार बादल्या मिळून २०० ग्रॅमच्या सगळ्यात जवळ जातात. तेवढ्याच उघडतात, बाकीच्या पुढच्या फेरीची वाट बघत थांबतात. चिवड्याला हे फार सोयीचं. एका बादलीत शेंगदाणे जास्त आणि दुसरीत नुसते पोहे, हे व्हायचंच.

कारखान्याने प्रोफॉर्मा इनव्हॉइस, म्हणजे आगाऊ कच्चं बिल, पाठवलं. प्रत्येक वस्तू वेगळ्या ओळीत, वेगळ्या किमतीने, आणि पुढे त्यांचा एचएस कोड, म्हणजे कस्टम्सचा वर्गीकरण क्रमांक: पॅकिंग मशीन ८४२२, वेयर ८४२३, एलिव्हेटर-कन्व्हेयर ८४२८, प्लॅटफॉर्म ७३०८, आणि शेवटी सुट्या भागांची पुडकी. मला ते अगदी नीटनेटकं वाटलं. सीएचएंनी एक नजर टाकली आणि म्हणाले, हे असंच भरलं तर एक मशीन आणायचं सोडून तुम्ही पाच वस्तू आणताय असं होईल.

हे आकडे येतात ब्रसेल्सच्या जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या हार्मोनाइज्ड सिस्टीममधून. जगात ती १९८८ पासून लागू झाली, आपण आपलं टॅरिफ १९८६ मध्येच त्या साच्यात बसवलं होतं. २१ विभाग, ९७ प्रकरणं. त्यातलं ७७ वं पुढेमागे लागेल म्हणून रिकामं ठेवलेलं. जिवंत जनावरांपासून सुरुवात आणि कलाकृती-पुराणवस्तूंपाशी शेवट. पहिले दोन आकडे प्रकरणाचे, चार झाले की शीर्षक ठरतं, सहापर्यंत जगभर सारखं आणि शेवटचे दोन आपले भारताचे. पण सहा आकडे सारखे असले तरी कुठली वस्तू कुठे बसते हे इथला अधिकारी स्वतः ठरवतो. चिनी कारखान्याने निर्यातीच्या कागदावर काय लिहिलंय ते तो वाचेल, पण बांधलेला नसतो. त्याच्यासमोर असते ती कस्टम्स टॅरिफ कायदा, १९७५ ची पहिली अनुसूची.

ती मी डाउनलोड केली आणि सगळ्यांसारखीच थेट दरांच्या रकान्याकडे गेले. सीएचए म्हणाले, दर नंतर, आधी नोट्स वाचा. प्रत्येक विभागाच्या आणि प्रकरणाच्या डोक्यावर बारीक टाइपात टिपा असतात आणि खरा कायदा तिथे असतो. वर्गीकरणाचे सर्वसाधारण नियम सहा आहेत. पहिलाच नियम सांगतो की विभागांची आणि प्रकरणांची नावं फक्त शोधायच्या सोयीसाठी. निर्णय शीर्षकाच्या मजकुरावर आणि या टिपांवर. यंत्रसामग्रीच्या सोळाव्या विभागातली चौथी टीप आमच्या कामाची निघाली. तिचा भावार्थ असा: एखादं यंत्र वेगवेगळ्या घटकांचं असेल, ते घटक सुटे असोत की पाइपने, केबलने, पट्ट्याने जोडलेले असोत, पण सगळे मिळून ८४ किंवा ८५ व्या प्रकरणातल्या एखाद्या शीर्षकाचं स्पष्ट ठरलेलं काम करत असतील, तर सगळा संच त्या कामाच्या शीर्षकाखाली जातो.

जेवणाच्या टेबलावर मी हे भाऊजींना वाचून दाखवत होते. सासूबाई शेजारी भाजणीचं धान्य निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "पाटा आणि वरवंटा दोन बिलांवर आले म्हणून काय वाटण दोन होतं?" टीप ४ चं याहून सोपं भाष्य मला अजून सापडलेलं नाही.

तरी प्रश्न इतका सरळ नव्हता, हेही सांगायला हवं. ८४२३ या शीर्षकात, म्हणजे वजनकाट्यांमध्ये, एक उपशीर्षक आहे: ठरावीक वजनाचा माल पिशवीत किंवा डब्यात सोडणारे काटे. आमच्या वेयरचं हे जवळजवळ शब्दचित्रच. मग त्याला तिथेच का टाकू नये? पैशांत फार मोठा फरक पडत नव्हता. फरक होता तो कोडाच्या मागे येणाऱ्या दुसऱ्या खात्याचा. वजनकाटा आयात करायचा तर लीगल मेट्रोलॉजी कायदा, २००९ च्या कलम १९ प्रमाणे आयातदाराची नोंदणी लागते, आणि मॉडेलला मंजुरी असावी लागते. एका आकड्याने नापतौलवाले दारात येतात. टॅरिफचं पुस्तक नुसतं करांचं नाही हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मालाची मानकं ठरवणारं बीआयएस, अन्नसुरक्षा, प्लांट क्वारंटाइन, परकीय व्यापार महासंचालनालयाचे निर्बंध, सगळे त्याच आठ आकड्यांना धरून चालतात.

इंदूरकरांना या विषयात मिरवायला एक गोष्ट आहे. कस्टम्स आणि केंद्रीय करांचं इथलं कार्यालय कित्येक वर्षं माणिकबाग पॅलेसमध्ये थाटलेलं आहे. हा वाडा दुसऱ्या यशवंतराव होळकरांसाठी एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुविशारदाने १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला बांधला, आणि आतलं सामान बव्हंशी युरोपातून आलं. याच यशवंतरावांनी ब्रांकुसी या शिल्पकाराकडून 'बर्ड इन स्पेस' मालिकेतले तीन पक्षी घेतले. त्यांच्यासाठी इंदुरात मंदिर बांधायचं घाटत होतं, ब्रांकुसी त्यासाठी इथे येऊनही गेला, पण मंदिर झालं नाही. आता त्याच मालिकेतला दुसरा एक पक्षी १९२६ मध्ये न्यूयॉर्कच्या बंदरात उतरला, तेव्हा तिथल्या कस्टम्सने तो शिल्प मानायला नकार दिला. कलाकृतीला शुल्क माफ होतं. या वस्तूला ना पंख ना चोच, म्हणून ती स्वयंपाकाची भांडी आणि हॉस्पिटलच्या साहित्याच्या वर्गात टाकून ४० टक्के शुल्क लावलं. खटला झाला आणि १९२८ मध्ये ब्रांकुसी जिंकला. वर्गीकरणाच्या वादांत जगभर ज्याचं नाव निघतं तो हा खटला. त्याच पक्ष्याची भावंडं घेणाऱ्या राजाच्या वाड्यात आज कस्टम्सच्या फायली आहेत. आमच्या वेयरला तोलणारं म्हणावं की भरणारं, हा वाद त्यापुढे किरकोळच, पण जात एकच.

तर सीएचएंच्या सांगण्यावरून मी कारखान्याला कळवलं: इनव्हॉइसवर पहिली ओळ पूर्ण लाइनची, एका वर्णनाने, एका किमतीने, आणि खाली घटकांची यादी. सुटे भाग वेगळ्या ओळींत. आणि सगळं एकाच बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाज कंपनीच्या एकाच माल-पावतीवर, एकाच कंटेनरमध्ये. संच म्हणून मान्यता मागायची तर संच एकत्र यायला हवा. निम्मा या जहाजाने आणि निम्मा त्या, असं केलं की सिद्ध करायचं ओझं वाढतं. कारखान्याच्या विक्रेतीने लगेच मान्य केलं आणि वर प्रेमाने विचारलं, "इनव्हॉइसवर किंमत किती दाखवू?" हा प्रश्न बहुतेक सगळ्यांनाच येतो म्हणे. मी खरीच दाखवा म्हटलं. एक तर पैसे बँकेतून गेलेले असतात. दुसरं म्हणजे कस्टम्स कायद्याच्या कलम १४ खाली व्यवहाराची किंमत ग्राह्य धरली जाते ती खरी असेल तोवरच. अधिकाऱ्याला शंका आली तर मूल्यांकन नियमांतल्या नियम १२ ने तो ती नाकारू शकतो, आणि मग तशाच मालाच्या दुसऱ्या आयातींच्या किमती काढून समोर ठेवतो. वाचवलेल्या शुल्काच्या कितीतरी पट घोळ.

तिने भेट म्हणून फिल्मचे दोन रोलही घालायचं ठरवलं होतं, यादीत किंमत शून्य. तेही जहाज सुटण्यापूर्वी बदलून घेतलं. फुकट दिलेल्या मालालाही कस्टम्सच्या लेखी किंमत असते, आणि प्लास्टिकची फिल्म काही यंत्राचा भाग नव्हे. तिचं प्रकरण ३९.

मूल्य काढताना इनव्हॉइसची एफओबी किंमत, म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतची, अधिक समुद्रभाडं, अधिक विमा. भाड्याचा कागद नसेल तर एफओबीच्या २० टक्के धरतात आणि विम्याचा नसेल तर १.१२५ टक्के, म्हणून खरे कागद ठेवलेले बरे. आमचं समुद्रभाडं २० टक्क्यांच्या खूप खाली होतं. इंदूरसारख्या बिनसमुद्राच्या गावाला एक दिलासा नियमातच आहे: कंटेनर न्हावा शेवाहून इथल्या टिहीच्या ड्राय पोर्टपर्यंत, म्हणजे जमिनीवरच्या कंटेनर डेपोपर्यंत, आणायचं भाडं मूल्यात धरायचं नसतं. मशीन बसवायला येणाऱ्या तंत्रज्ञाचा खर्चही, तो आयातीनंतरच्या उभारणीचा असेल आणि वेगळा दाखवला असेल तर, बाहेर राहतो. डॉलरचा दर बँकेचा नाही, कस्टम्सने जाहीर केलेला.

आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा क्रमांक, काढणं, आपल्या बँकेचा एडी कोड कस्टम्सकडे नोंदवणं, केवायसी, हे सगळं ऑनलाइन होतं आणि त्यात सांगण्यासारखं काही नाही. कंटेनर टिहीच्या डेपोसाठी निघाला तसं आगाऊ बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचं कस्टम्सला द्यायचं विवरण, भरलं. हे वेळेत करावंच लागतं. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये आणि त्यानंतर रोज १०,००० रुपये दंड.

२०११ पासून सेल्फ असेसमेंट आहे. म्हणजे वर्गीकरण, मूल्य, दर हे सगळं आयातदाराने स्वतः जाहीर करायचं आणि खात्याने तपासायचं. आणि २०२० च्या अखेरीपासून देशभर फेसलेस. माल टिहीला, पण बिल तपासणारा अधिकारी कुठल्या शहरात बसलाय ते आपल्याला दिसत नाही. याचं मला कौतुकही आहे आणि रागही. कौतुक अशासाठी की कोणाच्या केबिनबाहेर बसून राहावं लागत नाही. राग अशासाठी, की ज्याने मशीन कधी पाहिलं नाही आणि पाहणारही नाही, त्याला ते फक्त कागदावरून समजावायचं.

क्वेरी आलीच. मल्टीहेड वेयर ८४२३ मध्ये का नाही, कॅटलॉग आणि तांत्रिक माहिती द्या, लीगल मेट्रोलॉजीचं काय. सीएचएंनी उत्तराचा कच्चा मसुदा माझ्याकडेच मागितला, कारण लाइन कशी चालते ते त्यांना माहीत नव्हतं. मी इतकंच लिहिलं: वेयरच्या बादल्या आपल्या मर्जीने उघडत नाहीत. खालच्या मशीनवर पाउचचा तळ सील झाला की ते 'तयार' असा सिग्नल वर पाठवतं, तेव्हा माल सुटतो. माल सुटला की वेयर 'सोडला' असा सिग्नल खाली देतो, तेव्हा वरचं सील बसतं. एलिव्हेटरही वेयरच्या सेन्सरवर सुरू-बंद होतो. एक केबल काढली तर अख्खी लाइन थांबते. सोबत वायरिंगचा नकाशा, त्यात या दोन सिग्नलच्या वायरी लाल रंगाने ठळक केलेल्या, पूर्ण लाइनचा फोटो, आणि टीप ४ चा मजकूर. कायद्याची पानंच्या पानं जोडण्यापेक्षा त्या दोन लाल रेघांचा जास्त उपयोग झाला असं माझं मत आहे. मेट्रोलॉजीची आमची नोंदणी आधीच झालेली होती, आणि त्या मॉडेलची मंजुरी निर्मात्याच्या भारतातल्या एजंटकडे होती. दोन्हींच्या प्रती ई-संचितवर, म्हणजे कस्टम्सच्या ऑनलाइन कागदपत्र व्यवस्थेवर, चढवल्या.

लाइन ८४२२ मध्ये मान्य झाली. सुट्या भागांना मात्र अधिकाऱ्याने कात्री लावली. त्याच विभागाची दुसरी टीप म्हणते की स्वतःचं शीर्षक असलेला भाग त्या शीर्षकातच जातो, मग तो कुठल्याही मशीनसाठी बनलेला असो. म्हणून जादा हीटर ८५१६ ला, बेअरिंग ८४८२ ला. फक्त या मशीनचेच सीलिंग जॉ, म्हणजे पाउच दाबून बंद करणारे जबडे, तेवढे ८४२२ च्या भागांत राहिले. फरक काही शे रुपयांचा होता, आम्ही लेखी मान्यता दिली. मान्य नसतं तर कस्टम्स कायद्याच्या कलम १७(५) खाली १५ दिवसांत कारणांसह आदेश मागता येतो, आणि त्यावर ६० दिवसांत अपील आयुक्तांकडे जाता येतं. ज्यांना तोच माल पुन्हापुन्हा आणायचाय त्यांनी खरं तर आधीच अ‍ॅडव्हान्स रूलिंग, म्हणजे आयातीपूर्वीचा निर्णय, घ्यावं; मुंबईला आणि दिल्लीला त्यासाठी प्राधिकरण आहे.

तपासणीला मी आणि भाऊजी दोघं टिहीला गेलो. सील तोडलं, दारं उघडली आणि ओल्या लाकडाचा भपकारा आला. अधिकाऱ्याने मशीनच्या आधी लाकडी पेट्या पाहिल्या. प्रत्येकीवर गव्हाच्या लोंबीसारखं चिन्ह आणि पुढे देशाचा कोड व 'एचटी' अशी अक्षरं जाळून उमटवलेली होती, म्हणजे लाकूड उष्णतेने कीडमुक्त केलंय. मग पेटीची एक फळी काढून मशीनची नेमप्लेट पुसली, मॉडेल आणि सीरियल नंबर इनव्हॉइसशी ताडला, पेट्या मोजल्या. भाऊजींना वेयर उघडून दाखवायची फार हौस होती. त्यांना कोणी विचारलं नाही.

शुल्काचा हिशेब गोल आकड्यात सांगते. लाइनचं मूल्य १६ लाख धरा. मूळ शुल्क ७.५ टक्के, म्हणजे १,२०,०००. त्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार १२,०००. हा मालाच्या किमतीवर नसतो, शुल्कावर असतो. आता १७,३२,००० वर १८ टक्के आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, ३,११,७६०. एकूण ४,४३,७६०, म्हणजे मूल्याच्या २७.७३५ टक्के. ऐकून छातीत धस्स होतं, पण यातला आयजीएसटी इनपुट क्रेडिटमध्ये मिळतो, म्हणजे विक्रीवरच्या जीएसटीतून वळता होतो; खरा खर्च १,३२,००० चा. बिल भरणा करायला परत आलं की एका दिवसात पैसे भरायचे, नाहीतर १५ टक्क्यांनी व्याज.

मिळतो म्हटलं खरं, पण त्यातही एक मेख आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून पॅकबंद नमकीनवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. गिऱ्हाइकासाठी उत्तमच. आमच्या विक्रीवरचा कर मात्र तेवढा आटला, आणि पॅकिंगची फिल्म अजून १८ टक्क्यांनी येते. उलट्या दरांचा परतावा मागता येतो, पण त्याच्या सूत्रात यंत्रसामग्रीचं क्रेडिट धरत नाहीत. त्यामुळे मशीनच्या आयजीएसटीतली बाकी लेजरमध्ये दिसते आणि थोडी थोडीच खाली येते.

भाऊजींना आता चकलीसाठी आणखी एक वेयर हवाय, उथळ बादल्यांचा, चकली मोडणार नाही असा. खालचं मशीन तेच वापरायचं, फक्त वेयर आणायचा. तो एकटा आला की टीप ४ त्याच्या कामाची नाही. तोच कारखाना, तशीच दहा डोकी, पण यावेळी सरळ ८४२३.